होडीला वेगमापक कुठे बसवायचा?



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकांनी हसून विचारलं, "सर, चंद्रपुरात शिडाची होडी?" प्रश्न रास्त आहे. इथून कुठलाही समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर लांब आहे. पण आपल्याकडे वर्धा आहे, वैनगंगा आहे. गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ या दोघी एकत्र येतात आणि तिथून पुढे प्राणहिता होते. पावसाळ्यात या नद्यांवर एक काम चालतं, आणि त्या कामातला मुख्य प्रश्न शिडाच्या होडीवरच्या प्रश्नासारखाच आहे: पाण्याचा वेग मोजणारं यंत्र होडीच्या नेमक्या कुठल्या जागी धरायचं? समुद्रावर ही जागा चुकली तर होडीचा हिशेब चुकतो. नदीवर चुकली तर पुराचा हिशेब चुकतो. म्हणून आज आधी समुद्रावर जाऊ आणि मग प्राणहितेवर परत येऊ.

वेग कशाच्या तुलनेत?

आधी एक गोष्ट पक्की करू. होडीला दोन वेग असतात. एक पाण्याच्या तुलनेत आणि एक जमिनीच्या तुलनेत.

वैनगंगेवर डोंग्यातून पलीकडे गेलेल्यांना हे सांगायची गरज नाही. नावाडी डोंगा सरळ समोरच्या घाटाकडे धरत नाही, थोडा वरच्या अंगाला धरतो, कारण जितका वेळ तो वल्हं मारणार तितका वेळ नदी त्याला खाली नेणार हे त्याला ठाऊक असतं. त्याची मेहनत पाण्याच्या तुलनेत असते आणि घाट मात्र जमिनीवर असतो. प्रवाह दोन्हींमधला फरक आहे.

आता तुमच्या खिशातला मोबाईल जीपीएसवरून जो वेग दाखवतो तो जमिनीच्या तुलनेतला. मग वेगळं यंत्र कशाला हवं? कारण शीड आणि सुकाणू दोन्ही काम करतात ते हवा आणि पाण्याच्या संदर्भात. समजा होडी पाण्यातून पाच नॉटने चालली आहे आणि समोरून दोन नॉटचा प्रवाह आहे. जीपीएस तीन दाखवेल. खलाशाला वाटेल शीड नीट ताणलेलं नाही, आणि तो उगाच दोऱ्या ओढत बसेल. खरं तर शीड उत्तम काम करत आहे, पाणीच विरुद्ध दिशेने जात आहे. दोन्ही आकडे समोर असतील तरच हे कळतं, आणि त्यांच्या फरकातून प्रवाह किती हेही कळतं.

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. हा शब्द खऱ्याखुऱ्या गाठींवरून आला आहे. जुन्या जहाजांवर लाकडाची एक फळी दोरीला बांधून मागे टाकायचे. फळी पाण्यात उभी राहायची, जवळजवळ जागच्या जागी, आणि जहाज पुढे जाई तशी दोरी हातातून सुटायची. दोरीवर ठराविक अंतरावर गाठी असत. वाळूचं २८ सेकंदांचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात किती गाठी सुटल्या ते मोजायचं. दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच ठेवलं की एक गाठ म्हणजे बरोबर एक सागरी मैल ताशी. लाकडाच्या त्या ओंडक्यावरून, लॉगवरून, यंत्राला आजही लॉग म्हणतात आणि रोजच्या नोंदींच्या वहीला लॉगबुक.

या जुन्या पद्धतीतलं एक शहाणपण लक्षात ठेवा. फळी जहाजाच्या बरीच मागे जाऊ दिली जायची, आणि गाठी मोजायला सुरुवात त्यानंतर व्हायची. का? जहाजाच्या लगत मागे जे पाणी असतं ते जहाजाबरोबर ओढलं जात असतं. तिथे फळी ठेवली तर मोजणी खोटी. म्हणजे यंत्र कुठे ठेवायचं हा प्रश्न यंत्राइतकाच जुना आहे.

होडी स्वतःच पाणी बिघडवते

आज बहुतेक छोट्या शिडाच्या होड्यांवर तळातून एक छोटी चक्री खाली डोकावत असते. सुपारीपेक्षा थोडी मोठी. तिच्या पात्यांमध्ये चुंबक बसवलेले असतात. पाणी चक्री फिरवतं, चुंबक फिरतात, आतला संवेदक ठोके मोजतो आणि वेग दाखवतो. रचना साधी आहे. अडचण चक्रीत नाही, तिला भेटणाऱ्या पाण्यात आहे. चक्रीला फक्त तिच्या पात्यांना लागणारं पाणी कळतं. ते पाणी कुठून आलं, वाटेत त्याचं काय झालं, हे तिला माहीत नसतं.

आणि होडी पाण्याचं बरंच काही करते. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, चिकटपणा. होडीच्या कातडीला लागून असलेलं पाणी होडीबरोबरच ओढलं जातं. थोडं खाली गेलं की ओढ कमी, आणखी खाली गेलं की पाणी मोकळं. या ओढल्या जाणाऱ्या थराला सीमास्तर म्हणतात. होडीच्या टोकाशी तो अगदी पातळ असतो आणि मागे जावं तसा जाड होत जातो. सपाट फळीसाठी वापरतात ते नेहमीचं सूत्र घेतलं तर सहा नॉट वेगाला, टोकापासून चार मीटर मागे, हा थर सुमारे साडेपाच सेंटिमीटर जाड निघतो. चक्री बाहेर किती आलेली असते? सेंटिमीटर, फार तर दीड. म्हणजे ती पूर्णपणे या आळशी पाण्यात फिरते. तिथे वेग खऱ्या वेगाच्या पाऊणपटीच्या आसपास भरतो. ही चूक दुरुस्त करता येते, कारण ती बऱ्यापैकी ठरलेली असते. पण अट अशी की थर सारखाच राहिला पाहिजे. चक्रीच्या पुढे कुठे रंगाची पपडी उठली, शेवाळ धरलं, एखादा बोल्ट वर आला, की थर बदलतो आणि दुरुस्तीही खोटी ठरते.

दुसरी, आकार. पाणी होडीच्या टोकाशी थबकतं, मग पोटाला वळसा घालताना वेग धरतं आणि मागे पुन्हा मंदावतं. खाली कील असेल, म्हणजे तळाला लावलेलं ते जड उभं पातं, तर तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी आणखी जोरात जातं आणि तिच्या मागे भोवरे उठतात. पुलाच्या खांबाशी उभं राहून पुराचं पाणी पाहिलंय ना? समोर फुगवटा, बाजूला धाव, मागे भोवरा. होडीखाली तेच चालतं, फक्त दिसत नाही.

तिसरी, हवा. होडीचं टोक लाटेवर आपटतं तेव्हा बुडबुडे तळाखाली जातात. चक्रीला पाण्याऐवजी फेस मिळाला की ती अडखळते. खोली मोजणारं यंत्र ध्वनीवर चालतं, त्याला तर बुडबुडा म्हणजे भिंतच.

मग जागा कुठली?

या तीन गोष्टी कळल्या की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

जागा नेहमी पाण्याखाली राहणारी हवी. होडी कलली, लाटेवर उचलली गेली, तरी. म्हणून अगदी टोकाशी नको.

जागा फार मागेही नको. थर जाड होतो, कीलचे भोवरे येतात, पंख्याचं पाणी येतं.

जागा मध्यरेषेच्या जितकी जवळ तितकी चांगली. शिडाची होडी वाऱ्याने एका बाजूला कलून चालते. चक्री डावीकडे लांब बसवली आणि होडी उजवीकडे कलली तर चक्री वर उचलली जाते. शिवाय शिडाची होडी सरळ जात नाही, थोडी तिरपी घसरत जाते. त्यामुळे वारा एका बाजूने असताना वेगळा आकडा आणि दुसऱ्या बाजूने असताना वेगळा आकडा असं होतं. मध्यरेषेवर हा फरक सगळ्यांत कमी असतो.

चक्रीच्या पुढे काही अडथळा नको. पाणी आत घेणारं भोक, सांडपाणी सोडणारं भोक, दुसऱ्या यंत्राचा उंचवटा, यातलं काहीही तिच्या वाटेवर समोर असता कामा नये.

हे सगळं जुळवलं की ज्या होडीची कील आखूड आणि खोल असते तिच्यासाठी उत्तर मिळतं: कीलच्या पुढे, साधारण ३० ते ६० सेंटिमीटरवर, मध्यरेषेला लागून. ज्या जुन्या घडणीच्या होडीची कील टोकापासून मागेपर्यंत सलग असते तिथे मध्यरेषेवर जागाच नसते. मग मधल्या भागात, कीलपासून थोडं बाजूला, जिथे तळ सगळ्यांत सपाट आहे तिथे. आणि वेगात पाण्यावर उचलून धावणाऱ्या मोटरबोटीचं गणित उलटं. तिचा पुढचा भाग हवेत असतो, म्हणून तिथे यंत्र मागे जातं. बघा, तीन होड्या, तीन जागा, पण विचार एकच: होडीने कमीत कमी बिघडवलेलं आणि कायम मिळणारं पाणी कुठे आहे?

आणखी एक अट राहिली. जागा आतून हाताला लागली पाहिजे. कारण चक्रीत शेवाळ अडकतं, बारीक शंख बसतात. एका होडीवर मी स्वतः अर्धा दिवस शून्य वेगाने प्रवास केलाय! (हशा) किनारा मागे सरकत होता आणि आकडा शून्य. चक्रीत गवताची एक काडी होती. आणि ती चक्री कुणीतरी पाण्याच्या टाकीखाली बसवली होती, टाकी काढल्याशिवाय हात पोहोचत नव्हता.

भोक पाडण्याआधी

आता जिवावरची गोष्ट. हे यंत्र बसवायचं म्हणजे पाण्याखालच्या तळाला सुमारे ५१ मिलिमीटरचं भोक पाडायचं. यंत्र साफ करायला बाहेर काढलं की तेवढं भोक उघडं. पाण्याखाली अर्धा मीटर असेल तर त्यातून मिनिटाला दोनशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणजे घराबाहेर ठेवतो तो मोठा ड्रम दर मिनिटाला एक. नव्या बनावटीत आत एक झडप असते, ती पाणी बरंच अडवते, पण पूर्ण नाही. म्हणून नियम: एका हाताने चक्री काढायची तेव्हा दुसऱ्या हातात बूच तयार हवं. बूच शोधायला उठायचं नाही.

आणि तळ कशाचा आहे तेही पाहायचं. आपण आलापल्लीच्या, बल्लारपूरच्या सागवानाच्या मुलखातले लोक. लाकूड पाणी पिऊन फुगतं हे आपल्याला शिकवायला नको. लाकडी तळात प्लास्टिकचा साचा घट्ट बसवला तर फुगलेलं लाकूड तो चिरडतं, म्हणून तिथे कांस्याचा साचा वापरतात. ॲल्युमिनियमच्या तळात मात्र कांस्य चालत नाही, खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी झाली की ॲल्युमिनियम झिजतं. आणि फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड किंवा फोम असलेला तळ असेल तर भोकाच्या कडेचा गाभा आधी इपॉक्सीने बंद करावा लागतो, नाहीतर पाणी गाभ्यात शिरतं आणि तळ आतल्या आत कुजतो.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणून 'म्हादेई' घ्या. ही ५६ फुटी शिडाची होडी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर बांधली आणि नावही नदीचंच, मांडवीचं वरच्या भागातलं. २००९-१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीयांमधली पहिली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. आणि 'तारिणी' या तिच्या धाकट्या बहिणीवरून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. महिनोन्‌महिने किनारा न दिसणाऱ्या अशा प्रवासात तळातल्या प्रत्येक भोकाचा विचार निघण्याआधी करावा लागतो. मध्ये समुद्रात होडी उचलून ठेवायला जागा नसते.

यंत्र बसवलं म्हणजे संपलं नाही

कितीही चांगली जागा निवडा, चक्री सीमास्तरातच असणार. म्हणून तिला खरं काय ते शिकवावं लागतं. पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे.

मोजलेल्या एका सागरी मैलावर एकदा जायचं, लगेच उलट यायचं. समजा होडी पाण्यातून पाच नॉटने चालते आणि प्रवाह एक नॉट आहे. जाताना जमिनीवरचा वेग चार, येताना सहा. दोन्हींची सरासरी पाच. बरोबर. पण कुणी म्हणेल, एकूण अंतर भागिले एकूण वेळ करू. जायला १५ मिनिटं, यायला १०. दोन मैल, २५ मिनिटं. उत्तर ४.८. चुकलं! कारण विरुद्ध प्रवाहात आपण जास्त वेळ घालवला. म्हणून दोन फेऱ्यांचे वेग वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्यायची, वेळेची बेरीज करायची नाही. मग चक्रीने दाखवलेल्या आकड्याला योग्य त्या गुणकाने गुणायचं. होडीचा तळ घासला, रंगवला, की पुन्हा हेच करायचं.

आता प्राणहितेवर

इथवर होडी चालत होती आणि पाणी थांबलंय असं आपण मानत होतो. आता उलटं करू. होडी दोराला बांधून नदीत उभी आहे आणि पाणी वाहतंय. चक्रीला फरक कळतो का? अजिबात नाही. तिला फक्त अंगावर येणारं पाणी कळतं. म्हणून होडीचा वेग मोजणारी विद्या नदीचा वेग मोजायला तशीच्या तशी उपयोगी पडते.

केंद्रीय जल आयोगाची या भागात मोजणी केंद्रं आहेत. वैनगंगेवर आष्टी, प्राणहितेवर टेकडा. तिथे नदीची पातळी वाचली जाते आणि विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी गेलं, मोजला जातो. नदीचं पात्र आडवं अनेक पट्ट्यांत वाटायचं. प्रत्येक पट्ट्यात खोली मोजायची, वेग मोजायचा, रुंदी गुणिले खोली गुणिले वेग करायचं आणि सगळ्यांची बेरीज.

वेग मोजायला वाट्यांचं चाक असलेलं प्रवाहमापक यंत्र, माशाच्या आकाराच्या वजनासह, पाण्यात सोडतात. कुठे? तळाशी पाणी मंद असतं, वर जोरात. तोच चिकटपणा, तोच सीमास्तर; फक्त होडीच्या तळाऐवजी नदीचा तळ. एकाच ठिकाणी मोजायचं तर पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, कारण तिथला वेग सरासरीच्या सगळ्यांत जवळ असतो. दोन ठिकाणी मोजायचं तर ०.२ आणि ०.८ खोलीवर, आणि दोन्हींची सरासरी.

आणि होडीवरून मोजताना यंत्र होडीच्या कडेला लगटून सोडायचं नाही. होडी पाणी अडवते, वळवते, हे आपण पाहिलं. म्हणून होडीच्या टोकाच्या पुढे आडवा दांडा काढून त्याच्यावरून यंत्र सोडतात, म्हणजे होडीने हात लावायच्या आधीचं पाणी मिळतं. कीलच्या पुढे चक्री बसवण्यामागेही हाच विचार होता.

या यंत्रालाही खरं काय ते शिकवावं लागतं. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे लांब टाकीतल्या स्थिर पाण्यावरून एक गाडी रुळांवर चालते. यंत्र गाडीला टांगायचं, गाडी ठरलेल्या वेगाने चालवायची, चाक किती फिरलं ते नोंदवायचं. आपल्या मोजलेल्या मैलाचीच ही आवृत्ती आहे, फक्त प्रवाहाची भानगड वगळून.

तळच चालू लागला तर?

पुरात बांधलेली होडी प्रत्येक पट्ट्यात थांबवणं अवघड आणि धोक्याचं असतं. म्हणून अलीकडे ध्वनीवर चालणारं यंत्र वापरतात. बल्लारशा स्टेशनवर न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत जाते तेव्हा ती जवळ येताना शिट्टी बारीक लागते आणि लांब जाताना जाड. तसंच हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं, पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या कणांवरून तो परत येतो, आणि आवाजाच्या बदलावरून वेग निघतो. होडी या काठावरून त्या काठावर नेली की एका फेरीत वेगवेगळ्या खोलीवरचा वेग हाती येतो.

इथेही बसवायची जागा महत्त्वाची. टोकाच्या फेसापासून दूर, इंजिनपासून दूर, होडीच्या तळामागच्या भोवऱ्यांपासून दूर, आणि इतकं खाली की होडी डुलली तरी तोंड पाण्यातच राहील. लोखंडापासूनही लांब, कारण त्याच्या आत होकायंत्र असतं. आणि तोंड पाण्याखाली किती आहे ते मोजून यंत्राला सांगावं लागतं. त्याच्या वरचा थर त्याला दिसत नाही. तळालगतचाही थोडा थर दिसत नाही. ते दोन्ही गणिताने भरले जातात. खोलीचा आकडा चुकीचा दिला तर गणितही चुकीचं.

पण सगळ्यांत मोठी गोम वेगळीच आहे. होडी स्वतः चालते आहे, मग पाण्याचा खरा वेग कसा कळणार? यंत्र नदीच्या तळाकडेही आवाज सोडतं आणि तळाच्या तुलनेत होडी किती सरकली ते काढतं. यात एक गृहीत आहे: तळ स्थिर आहे. आपल्या नद्यांचे तळ वाळूचे. मोठ्या पुरात वरची वाळू पाण्याबरोबर चालू लागते. यंत्राला वाटतं तळ थांबलाय आणि होडीच वरच्या अंगाला सरकतेय. समजा पाणी सेकंदाला दोन मीटरने वाहतंय आणि तळाची वाळू दहा सेंटिमीटरने. यंत्र १.९ मीटर दाखवेल. पाच टक्के कमी. आणि हे पुरातच घडतं, म्हणजे नेमकं जेव्हा आकडा हवा असतो तेव्हा.

याची परीक्षा छान आहे. होडी पलीकडे न्यायची आणि जिथून निघालो त्याच खुणेवर आणायची. यंत्राने काढलेला नकाशा बंद झाला तर तळ स्थिर. पण यंत्र जर म्हणालं की तुम्ही निघालात त्याच्या वर येऊन थांबलात, तर वाळू चालते आहे. मग तळाऐवजी जीपीएसचा संदर्भ घेतात किंवा तेवढी दुरुस्ती करतात.

पाच टक्के म्हणजे किती?

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. गणितासाठी पात्र ५०० मीटर रुंद, सरासरी ६ मीटर खोल, वेग २ मीटर धरू. विसर्ग ६००० घनमीटर दर सेकंदाला. त्याचे पाच टक्के ३००, म्हणजे सेकंदाला तीन लाख लिटर. आपण मोजलंच नाही असं पाणी!

आणि ते पाणी कुठेतरी जातंच. प्राणहितेचं खोरं सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचं. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसापर्यंत काय केलं ते इथल्या अनेकांनी पाहिलंय. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा भागातली गावं पाण्याखाली होती आणि खाली तेलंगणात भद्राचलमला गोदावरी ७१ फुटांच्या वर गेली होती.

रोज, दर तासाला, कुणी वेग मोजत बसत नाही. रोज वाचतात ती पातळी. पातळीवरून विसर्ग काढायचा तो आधी मोजलेल्या वेगांवरून आखलेल्या वक्रावरून. म्हणजे एका पुरात यंत्र चुकीच्या जागी धरलं तर ती चूक त्या दिवसापुरती राहत नाही. ती वक्रात जाऊन बसते आणि पुढच्या पुरात, ज्या रात्री कुणीही नदीवर गेलेलं नसतं, तेव्हा बाहेर येते. गाव कधी हलवायचं, धरणाचे दरवाजे किती उघडायचे, हे निर्णय अशा आकड्यांवर होतात. पुन्हा पाहून घ्यायची संधी खालच्या गावाला मिळत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, मध्यरेषेवर जागाच नसेल तर?*

मोठ्या होड्यांवर दोन चक्र्या बसवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. होडी ज्या बाजूला कलते त्या बाजूची चक्री खोल पाण्यात असते, तिचाच आकडा घ्यायचा. ही अदलाबदल आपोआप करणारी कळ मिळते. एकच बसवायची असेल तर दोन्ही बाजूंच्या वाऱ्यात वेगवेगळी तपासणी करून फरक वहीत लिहून ठेवा. चूक माहीत असेल तर ती निम्मी सुटल्यासारखी असते.

*प्रश्न: आमच्या शाळेतल्या मुलांना हे यंत्राशिवाय करून दाखवता येईल का?*

येईल, आणि होडीशिवायही. पुराच्या दिवसांत नाही, हे आधी सांगतो. उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात, उथळ सरळ ओढ्यावर, काठावरून, मोठ्या माणसांसोबत. काठावर २० मीटरवर दोन खुणा करा. वरच्या खुणेच्याही थोडं वर एक संत्रं टाका. संत्रं बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फार ढकलत नाही. दोन खुणांमधला वेळ मोजा. समजा ४० सेकंद. वेग अर्धा मीटर. हा वरचा वेग झाला. सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं. आता तेच संत्रं एकदा काठाला लागून सोडा, एकदा मधोमध, एकदा दगडाच्या मागे. तीन आकडे येतील. मुलांना विचारा, ओढ्याचा वेग कुठला? त्या वादातून मुलं जे शिकतील ते मी तासभर बोलूनही शिकवू शकणार नाही.

*प्रश्न: आणि डोंग्याला यंत्र लावायचं तर?*

डोंग्याला भोक मात्र पाडू नका! (हशा) कडेला एक दांडा बांधा, यंत्र डोंग्याच्या तळापेक्षा खाली आणि टोकाकडे येईल असं. आणि बांधण्याआधी तो डोंगा रोज चालवणाऱ्या नावाड्याला विचारा की पाणी कुठे खळखळतं आणि कुठे शांत सरकतं. त्याला सीमास्तर हा शब्द माहीत नसेल. जागा मात्र तो बरोबर दाखवेल.